खर्र्याची पुडी आणि चारुदत्ताची आई



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. मशीनला कपडे लावण्याआधी मी सगळ्यांचे खिसे तपासते, ही माझी जुनी सवय. मुलाच्या ट्यूशनच्या पँटमधून प्लास्टिकच्या कागदाची एक छोटी, घट्ट पिळलेली पुडी निघाली. लकडगंजात राहणाऱ्या बाईला ती पुडी उघडून बघावी लागत नाही. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात ओलसर होईपर्यंत घोटलेला. खर्रा.

मुलगा तेव्हा नववीत होता. मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि पुडी मुठीत धरून उभी राहिले. पहिला विचार आला, यांना सांगायचं नाही. दुसरा आला, सासूबाईंना तर मुळीच नाही. आणि तिसऱ्या विचाराला माझे हातपाय गार पडले, कारण या घरात एकदा हे सगळं असंच सुरू झालं होतं आणि तेव्हाही एका आईने असंच दार लावून घेतलं होतं.

माझ्या धाकट्या दिरांची गोष्ट सासूबाईंच्या परवानगीने लिहिते आहे. 1991 साली ते अठरा वर्षांचे होते. घरची आरामशीन होती, सागवानाचा धंदा जोरात होता. मजुरांसोबत खर्रा सुरू झाला, मग दारू, मग सट्टा. सासूबाईंनी दोन वेळा बांगड्या मोडून उधारी फेडली आणि सासऱ्यांना कळू दिलं नाही. सासऱ्यांना कळलं तेव्हा त्यांनी पाहुण्यांसमोर कान उपटले. थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या यांनी, गल्ल्यातले पैसे कमी दिसले की वहीत आकडा जुळवून ठेवला. सगळ्यांचा जीव होता त्यांच्यावर. प्रत्येकजण आपापल्या परीने त्यांना वाचवत होता आणि तरी ते बुडत गेले. मी 2003 साली लग्न होऊन आले तेव्हा ते घरात नव्हते, त्यांच्या नावाने फक्त शांतता होती.

त्या पुडीनंतर मी बरंच वाचत गेले. आधीच्या लोकांनी अशा मुलांचं काय केलं, काय फसलं, काय थोडंफार जमलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडते.

आपल्याच पुराणातली एक आई

सुरुवात आपल्या घरातूनच करू. पाठशाळेत आपण सगळ्या सप्त व्यसनं घोकलो आहोत: जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री. त्यातल्या एका व्यसनासाठी चारुदत्ताची कथा सांगतात. आचार्य जिनसेनांनी हरिवंशपुराण शके 705 मध्ये, म्हणजे इसवी सन 783 मध्ये पूर्ण केलं, त्यात ही कथा आली आहे. चंपानगरीच्या श्रीमंत सेठाचा मुलगा वेश्येच्या घरी बारा वर्षं राहिला, बापाची दौलत उडाली आणि पैसा संपल्यावर त्याला बाहेर काढलं. एवढंच आपल्याला आठवतं.

पण कथेची सुरुवात आठवा. चारुदत्त मुळात वाया गेलेला मुलगा नव्हता. तो पुस्तकात बुडालेला होता. लग्न झालं तरी बायकोकडे बघेना, म्हणून आईला काळजी लागली. तिने ही काळजी त्याच्या काकाच्या, रुद्रदत्ताच्या, कानावर घातली. याला जरा संसाराची गोडी लाव, एवढंच तिला हवं होतं. आणि काका त्याला घेऊन गेला तो थेट वसंतसेनेच्या दारात.

लहानपणी मी या कथेत वेश्येला दोष द्यायचे. आता मला ती आई दिसते. तिचं प्रेम कमी नव्हतं. मुलाशी स्वतः बोलायचं कसं, हे तिला कळलं नाही आणि ते काम तिने दुसऱ्यावर सोपवलं. आपण ट्यूशनच्या सरांवर, महाराजांच्या प्रवचनावर, मामावर सोपवतो तसंच. कथेचा शेवटही लक्षात ठेवा. कफल्लक होऊन चारुदत्त घरी आला तेव्हा घराने त्याला आत घेतलं आणि बायकोच्या दागिन्यांवर त्याने पुन्हा व्यापाराला सुरुवात केली. म्हणजे परत येण्याची वाटही घरातूनच जात होती.

मुलाला घरापासून तोडलं तेव्हा

इंग्रजांच्या राज्यात सरकारने या प्रश्नात हात घातला. 1850 साली अप्रेंटिस कायदा आला. छोट्यामोठ्या गुन्ह्यात सापडलेल्या किंवा निराधार मुलांना कुठल्यातरी कारागिराच्या हाताखाली बांधून द्यायचं, म्हणजे हाताला काम लागेल आणि डोकं ताळ्यावर येईल, असा विचार. 1857 मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अशा मुलांसाठी सुधारगृह उभं राहिलं. पुढे सुधारशाळांचे कायदे आले. विसाव्या शतकात एकेका प्रांताने मुलांसाठी वेगळा कायदा केला: मद्रास 1920, बंगाल 1922, मुंबई 1924, आणि आपलं नागपूर ज्याची राजधानी होतं त्या मध्य प्रांताने 1928 मध्ये.

मुलाला मोठ्या कैद्यांसोबत तुरुंगात टाकू नये हा त्यातला मोठा आणि चांगला विचार होता. पण एक समजूत कायम राहिली, की बिघाड मुलात आहे, म्हणून मुलाला उचला, दुरुस्त करा आणि परत पाठवा. ज्या घरात तो परत जायचा त्या घराला मात्र कोणी काही शिकवलं नाही. "रिमांड होममध्ये टाकीन" ही धमकी आपल्या आज्यांच्या तोंडी आली ती इथूनच.

अमेरिकेतही हेच चाललं होतं. 1939 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी एक मोठा प्रयोग सुरू केला. पाचशेवर मुलं निवडली. अर्ध्या मुलांना सल्लागार दिले, शिकवण्या दिल्या, उन्हाळी शिबिरांना नेलं. उरलेल्या मुलांना काहीच दिलं नाही. जवळजवळ चाळीस वर्षांनी, 1978 मध्ये, जोन मॅकॉर्ड या विदुषीने त्या मुलांचं पुढे काय झालं ते शोधून काढलं. मदत मिळालेले पुष्कळजण मोठेपणीही ती मदत प्रेमाने आठवत होते. पण आकडे उलट सांगत होते. दारू, आजार, गुन्हे, अशा कितीतरी गोष्टींत मदत मिळालेली मुलंच मागे पडली होती. चांगल्या हेतूने केलेलं कामही तपासून बघावं लागतं, हा धडा तेव्हा जगाला मिळाला. वाचताना मला सासूबाईंच्या बांगड्या आठवल्या.

1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शाळाशाळांत जाऊन नशेविरुद्ध धडे द्यायला सुरुवात केली. कार्यक्रम देशभर पसरला, टीशर्ट वाटले, शपथा झाल्या. पुढे पाहणी झाली तेव्हा धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत म्हणावा असा फरक निघाला नाही. नुसत्या भाषणाने मूल वाचत नाही. आपल्याकडेही तंबाखूविरोधी शपथ घेऊन शाळेबाहेर पडलेलं पोर समोरच्या ठेल्यावर थांबतं, हे आपण रोज बघतो.

स्वयंपाकघरातून आलेली विद्या

घराकडे लक्ष वळवलं ते बहुतेक करून बायकांनीच. अमेरिकेत 1935 मध्ये दारू सोडणाऱ्यांचा 'एए' हा मंडळींचा गट सुरू झाला. नवरे सभेत बसायचे आणि बायका बाहेर थांबायच्या, चहापाणी बघायच्या. थांबता थांबता त्या एकमेकींशी बोलू लागल्या. आपणही आतून बिघडलो आहोत, राग, लपवाछपवी, पहारा यांत आपलंही आयुष्य गेलं आहे, हे त्यांना उमगलं. त्यातून 1951 मध्ये घरच्यांचा वेगळा गट उभा राहिला, अल-अनॉन.

आपल्या महाराष्ट्रात हे काम पुण्यात झालं. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द म्हणजे ब्राऊन शुगर आली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदत देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये त्याच आवारात मुक्तांगण सुरू केलं. 1997 मध्ये त्या कर्करोगाने गेल्या, पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं, की तिथे पेशंटसोबत त्याच्या घरच्यांशीही बोलतात. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गटच आहे. जिच्या नवऱ्याची दारू सुटायची आहे तिलाही उपचार लागतो, हे त्यांनी ओळखलं.

माझ्या दिरांनाही शेवटी एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. सासूबाई सांगतात, तिथल्या ताईंनी पहिल्या भेटीत त्यांना विचारलं, "आई, तुम्ही कशा आहात?" सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा! बारा वर्षांत मले कोणी हे विचारलंच नव्हतं न." आणि त्या तिथेच रडल्या. पण हे सगळं घर जळून गेल्यावरचं पाणी होतं. आग लागण्याआधी काय करता येतं, हा माझा प्रश्न होता.

त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेतल्या ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन लोकांच्या घरी जाऊन बसले. आई आणि मूल यांच्यात मिनिटामिनिटाला काय होतं ते त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी टिपून घेतलं. त्यांना दिसलं ते आपल्या प्रत्येक घरात घडतं. आई म्हणते मोबाईल ठेव. मुलगा कुरकुरतो. आई आवाज चढवते. तो त्याहून वर चढवतो. आई थकते आणि म्हणते, "जा, कर तुला काय करायचं ते." मुलगा शांत होतो. त्या क्षणी दोघं काहीतरी शिकलेले असतात: ओरडलं की काम होतं हे मुलगा शिकतो आणि सोडून दिलं की शांतता मिळते हे आई शिकते. रोज असे दहा धडे झाले की घरात चांगलं बोलून काही मिळतच नाही. अशी मुलं पुढे शाळेत नकोशी होतात आणि आपल्यासारख्याच नकोशा मुलांत जाऊन बसतात. ठेल्यावरची टोळी अशी जमते.

1982 च्या सुमारास यूटा राज्यात डॉ. कॅरोल कुंफर यांच्यासमोर नशेवर उपचार घेणारे आईबाप होते. आमचं झालं ते झालं, पण आमची मुलं या वाटेला जाऊ नयेत म्हणून काही शिकवा, ही त्यांची मागणी. त्यातून कुटुंबाला सबळ करणारा चौदा बैठकींचा एक वर्ग तयार झाला. त्याची रचना साधी आहे. सगळं कुटुंब आधी एकत्र जेवतं. मग आईबाप एका खोलीत, मुलं दुसऱ्या खोलीत, तासभर वेगवेगळं शिकतात. दुसऱ्या तासाला सगळे एकत्र येऊन जे शिकले ते करून बघतात. मोठे काय शिकतात? मुलाचं चांगलं वागणं टिपून तिथल्या तिथे बोलून दाखवायचं. रोज थोडा वेळ त्याच्या आवडीचं त्याच्या कलाने करायचं, त्यात उपदेश नाही. नियम थोडे पण स्पष्ट ठेवायचे. मोडल्यावरची शिक्षा लहान, आधी सांगितलेली आणि खरंच अमलात येणारी असावी. मुलं शिकतात राग कसा ओळखायचा आणि मित्र न तोडता "नाही" कसं म्हणायचं.

पुढे आयोवा राज्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी याचाच सात बैठकींचा अवतार झाला. तिथल्या ग्रामीण भागातल्या 33 शाळांत त्याची पारख झाली. चार वर्षांनी बघितलं तर या घरांतल्या मुलांमध्ये दारू-सिगारेट सुरू करणारी मुलं कमी होती. 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थ कार्यालयाने अशा कुटुंब-प्रशिक्षणावर मार्गदर्शिका काढली आणि ही विद्या गरीब देशांतही गेली. खरं सांगायचं तर हाच वर्ग स्वीडन आणि पोलंडमध्ये नेला तेव्हा तसा गुण दिसला नाही. म्हणजे हा काही मंत्र नाही. एका घरचं विरजण दुसऱ्या घरी तसंच लागेल असं नसतं, तिथलं दूध आणि तिथली हवा बघावी लागते.

आपला कायदाही आता इथवर आला आहे. 2015 चा बालन्याय कायदा म्हणतो, मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. चूक केलेल्या मुलाला घरी सोडताना त्याच्यासोबत आईबापांचंही समुपदेशन करायची तरतूद त्यात आहे. मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. 1850 पासून निघालेली गाडी दीडशेवर वर्षांनी घराच्या दाराशी आली म्हणायची.

आपल्या गल्लीत

मैत्रिणींनो, "आपल्या समाजात असं नसतं" हे वाक्य आपण आता बंद करू या. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा समोर हाताने घोटून मिळतो. 2019 च्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट दिसली. दारू-गांजात मोठी माणसं पुढे असतात, पण सोल्युशन-थिनरसारख्या हुंगायच्या नशेत मुलांचं प्रमाण मोठ्यांच्या दुप्पट आहे, मुलांत 1.17 टक्के आणि मोठ्यांत 0.58 टक्के. पंक्चरचं सोल्युशन कुठे मिळतं हे विचारायला मुलाला लांब जावं लागत नाही.

आणि मला वाटतं, आपल्या घरात या विद्येची हत्यारं आधीपासून आहेत, नुसती गंजली आहेत. सूर्यास्ताच्या आत जेवण हा आपला आचार. माझ्या माहेरी त्यासाठी वडील आरामशीन मजुरांवर सोडून साडेपाचला घरी यायचे. व्रत रात्रिभोजन त्यागाचं होतं, पण त्यामुळे सगळं घर रोज एका पंगतीला बसायचं आणि कोणाचा चेहरा उतरलाय हे आईला कळायचं. आता मुलगा ट्यूशनहून आठला येतो, हे दुकानातून नऊला. मी एकटी दिवस असताना जेवून व्रत पाळते. व्रत राहिलं, पंगत गेली. दुसरं हत्यार म्हणजे नियम. आपण मुलांना लहान लहान नियम देतो, एक दिवसाचा, आठ दिवसांचा. तो नियम मुलाने स्वतःच्या तोंडाने घ्यायचा असतो, आईने त्याच्या वतीने घेऊन चालत नाही. आणि तिसरं प्रतिक्रमण. चूक झाली हे रोज स्वतःशी कबूल करायचं आणि पुन्हा सुरुवात करायची.

त्या पुडीचं काय झालं ते सांगते. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी यांना सांगितलं. ते उठून मुलाच्या खोलीकडे निघाले, मी हात धरला. "आज नाही. आधी आपण दोघं ठरवू काय बोलायचं ते." पंचवीस वर्षांपूर्वी या घरात हे कोणी म्हटलं नव्हतं.

रविवारी ट्यूशन नसते, दुकान बंद असतं. सूर्यास्ताआधी सगळे एकत्र जेवलो. वरच्या मजल्यावरून दिरांनाही बोलावलं. हो, ते परत आलेत. आठ वर्षं झाली, वरच राहतात. खर्र्याने त्यांचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही, पोळी बारीक तुकडे करून खातात. मुलाने हे जन्मभर बघितलं होतं, पण का ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. लाजेची गोष्ट म्हणून आम्हीच झाकून ठेवली होती.

मी पुडी ताटाशेजारी ठेवली. म्हणाले, "मला ही सापडली. मला भीती वाटली." एवढंच. ओरडायचं नाही हे ठरलं होतं, पण माझा आवाज कापत होता. मुलगा म्हणाला, "माझी नाही, मित्राची आहे." हे काही बोलणार तेवढ्यात दीर म्हणाले, "मीही पहिल्यांदा हेच म्हटलं होतं रे. आन् माझ्या आईने मानलं." सासूबाईंनी मान खाली घातली. मग दिरांनी तोंड उघडून दाखवलं, दोन बोटं आडवी धरून. बराच वेळ कोणी बोललं नाही. रात्री मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. "दोनदा खाल्ला," म्हणाला, "सगळे खातात, नाही म्हटलं तर हसतात."

आम्ही त्याला शपथ घातली नाही. त्याने स्वतः आठ दिवसांचा नियम घेतला, मग पुन्हा आठ दिवसांचा. नाही कसं म्हणायचं याचा सराव काकाने करवून घेतला, स्वतः ठेल्यावरचा मित्र बनून. दोघं इतके हसले की सासूबाई वर बघायला गेल्या. दिवाळीत एकदा नियम मोडला. त्याने स्वतः सांगितलं. ठरल्याप्रमाणे दोन दिवस मोबाईल माझ्याकडे राहिला, तिसऱ्या दिवशी परत दिला, विषय संपला. त्या दोन दिवसांत मला किती बोलावंसं वाटलं आणि किती गिळलं हे माझं मला माहीत. पुढे काय होईल याची खात्री मी देऊ शकत नाही. त्याने येऊन सांगितलं, एवढं मात्र खरं. या घरात पूर्वी कोणी येऊन सांगत नव्हतं.

आता आमच्या गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून ठरवलंय. दर रविवारी एका घरी, दिवस असतानाच पंगत. मग मोठे एका खोलीत, मुलं दुसऱ्या खोलीत, आणि शेवटी सगळे एकत्र. सात रविवार करून बघू. पुरुषांनी यायचंच, ही एकच अट. पहिल्या रविवारी यांच्यासकट तीनच पुरुष आले. दुसऱ्या रविवारी पाच.

तुमच्या घरी अशी पुडी सापडली तर न्हाणीघराचं दार लावून घेऊ नका. मला फोन करा. बोलायला कोणीच नसेल तर 14446 हा सरकारचा मदत क्रमांक आहे, फुकट आहे. आणि घरात कोणी दीर, भाऊ, मामा त्या वाटेने जाऊन परत आलेला असेल तर त्याला वरच्या मजल्यावर लपवून ठेवू नका. पंगतीत बसवा.

हा लेख छापण्याआधी मुलाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "दिवाळीचं पण लिही, नाहीतर खोटं वाटेल." म्हणून लिहिलं.

जय जिनेंद्र.